सुलाकोची खतावणी : कॉनरॅडच्या एका कल्पित किनारी प्रांताचा जमाखर्च

सुलाको हे गाव मी पहिल्यांदा नकाशात शोधले तेव्हा ते चक्क सापडले, आणि तिथेच माझी फसगत झाली. जोसेफ कॉनरॅडची 'नोस्ट्रोमो' ही कादंबरी मी त्या वेळी शब्दकोश शेजारी ठेवून वाचत होतो. ग्रंथालयातल्या मोठ्या अ‍ॅटलसच्या सूचीत 'सुलाको' दिसले. पान उघडले तर ते होंडुरासमध्ये, समुद्रापासून लांब, डोंगराळ मुलखात. कादंबरीतले सुलाको तर बंदर. 'लेखकाला भूगोल येत नाही' असा शेरा माझ्या तेव्हाच्या वहीत आहे, तो मी मुद्दाम खोडलेला नाही. होंडुरासशी या सुलाकोचा काही संबंध नाही, हे कळायला आणखी काही दिवस गेले. कोस्टाग्वाना नावाचे प्रजासत्ताक, त्याचा पश्चिम प्रांत, त्या प्रांताचे मुख्य ठाणे सुलाको, समोर गोल्फो प्लासिडो म्हणजे निवांत आखात, पाठीशी इगेरोता हे बर्फाचे शिखर, हे सगळे एका माणसाने इंग्लंडमध्ये बसून रचले आणि १९०४ साली छापले. 'समुद्रकिनाऱ्याची एक गोष्ट' असे साधे उपशीर्षक त्याने दिले. पण या न झालेल्या प्रांताला इतिहास आहे, व्यापार आहे, परदेशी कर्ज आहे, जकात कचेरी आहे आणि कुणाला किती लाच द्यायची याची ठरलेली यादीसुद्धा आहे.

माझी सगळी नोकरी एका पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात गेली. साहित्याचे रीतसर शिक्षण नाही. जे वाचले ते रात्री आणि रविवारी. त्यामुळे कादंबरी वाचतानाही हात आपोआप जमा-नावेचे रकाने आखतो. 'नोस्ट्रोमो'वर इंग्रजीत उदंड लिहिले गेले आहे. एफ. आर. लीव्हिस यांनी १९४८ च्या 'द ग्रेट ट्रॅडिशन'मध्ये तिला कॉनरॅडच्या लेखनात फार वरचे स्थान दिले, तेव्हापासून तिची गुंतागुंतीची कालरचना आणि तिच्यातले नैतिक पेच यांची चर्चा थांबलेली नाही. तिच्यात भर घालण्याचा माझा अधिकार नाही. मला या प्रांताची खतावणी मांडून पाहायची आहे, आणि तिच्यात एक खाते उघडलेलेच का नाही, हे विचारायचे आहे.

हा प्रश्न मला पुस्तकाने शिकवला नाही. आमच्या तालुक्यातल्या एका बंद पडलेल्या बंदराची माहिती मी काही वर्षे जमवतो आहे. १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरपासून सुरुवात केली, की कोणत्या बंदरात किती रुपयांचा माल उतरला आणि किती रुपयांचा चढला, हे मिळते. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ती पोती ज्यांनी पडावातून काठावर आणली, त्यांची नावे मिळत नाहीत. सरकारी अंमलदाराने ती लिहिली नाहीत, यात नवल नाही. कादंबरीकार तर अंमलदार नव्हे. त्याच्या वहीत काय सापडते?

सुलाकोच्या अर्थव्यवस्थेचा आरंभ वाऱ्यापासून होतो, किंवा खरे सांगायचे तर वारा नसण्यापासून. तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या त्या आखातात वारा शिरत नाही. स्पॅनिश अमदानीतली जडशीळ जहाजे तिथे आली की शिडे लोंबकळून पडत. म्हणून शेकडो वर्षे हे गाव मोठ्या व्यापारापासून बचावले. नारिंगांच्या बागांचे, जुन्या वाड्यांचे, गुरांची चामडी आणि नीळ यांची किनारी उलाढाल करणारे ते एक बंदर राहिले. शिडाच्या गलबतांचे दिवस ज्यांच्या आजोबांनी पाहिले त्या कोकणातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. वारा पडला की अर्ध्या दिवसाच्या वाटेला दोन दिवस कसे लागतात, हे घरोघरी ऐकलेले असते. वाऱ्याची ही तटबंदी फोडली आगबोटीने. वाफेला वारा लागत नाही. एका ब्रिटिश आगबोट कंपनीच्या देवादिकांची नावे धारण करणाऱ्या बोटी आखातात येऊ लागल्या, आणि सुलाकोचे नशीब त्याच दिवशी फिरले. कॉनरॅड स्वतः वीसेक वर्षे खलाशी व जहाजावरचा अधिकारी होता, शिडांचा काळ संपताना त्याने पाहिला. पहिल्या दोन-तीन पानांत त्याने जे सांगितले आहे ते अर्थशास्त्राच्या पुस्तकात एक प्रकरण होईल.

दुसरे खाते खाणीचे. सान तोमेच्या डोंगरात चांदी आहे. स्पॅनिशांच्या काळात ती गुलाम केलेल्या इंडियन लोकांच्या पाठीवर फटके ओढून काढली गेली; टोळ्याच्या टोळ्या मेल्या, आणि तरीही नफा निघेनासा झाला तेव्हा खाण ओस पडली. स्वातंत्र्ययुद्धानंतर एका इंग्रज कंपनीने ती पुन्हा चालवली. पुढच्या धामधुमीत खाणकामगारांनीच उठून आपल्या इंग्रज साहेबांना मारले आणि सरकारने खाण जप्त केली. पुन्हा रान माजले. त्यानंतर जे घडते ते मला या कादंबरीतले सर्वात हुशार पान वाटते. सुलाकोतल्या गूल्ड नावाच्या इंग्रज वंशाच्या व्यापाऱ्याकडून सरकारने वेळोवेळी सक्तीची कर्जे उकळली होती. त्यांची भरपाई म्हणून सरकार त्याला या खाणीचा कायमचा मक्ता देते. वरवर पाहता हे बक्षीस. पण मक्त्याची अट अशी, की खाणीतून जे निघेल असा अंदाज आहे त्यावरचे पाच वर्षांचे स्वामित्वधन आताच भरायचे. खाणीत पाणी आणि वेली, आणि हा तिच्या कल्पित उत्पन्नावर खरा पैसा भरतो. म्हणजे सरकारने आपले देणे त्याच्याच गळ्यात त्याचे देणे म्हणून बांधले. आमच्या धंद्यात याला सभ्य नाव नाही. म्हातारा गूल्ड या मक्त्याच्या विचाराने झुरून मरतो आणि इंग्लंडात शिकणाऱ्या मुलाला पत्रामागून पत्र लिहून सांगतो, की या खाणीच्या वाटेला जाऊ नकोस.

मुलगा अर्थातच जातो. चार्ल्स गूल्ड युरोपभर खाणी पाहत हिंडतो, इटलीत एमिलियाशी लग्न करतो, आणि सान फ्रान्सिस्कोच्या हॉलरॉइड नावाच्या अतिश्रीमंत भांडवलदाराला गाठतो. हॉलरॉइडच्या दृष्टीने कोस्टाग्वाना म्हणजे दहा टक्के व्याजाच्या कर्जरोख्यांचा बुडीत खड्डा. युरोपचा पैसा त्यात वर्षानुवर्षे पडतो आहे. तो पैसा घालतो ते देशात नव्हे, गूल्ड या माणसात. खाणीच्या कामाला तो महिन्याकाठी वीस मिनिटे देतो. हा वीस मिनिटांचा आकडा मी विसरू शकत नाही. एका प्रांताचे राज्यपाल, न्यायाधीश, सैन्य यांना खूश ठेवण्यासाठी खाणीने बिनसरकारी पगारपत्रक ठेवले आहे. त्यातली नावे आणि रकमा गूल्ड आणि वृद्ध मुत्सद्दी डॉन होसे आवेयानोस मिळून ठरवतात, आणि महिन्यातून वीस मिनिटे ते हॉलरॉइडच्या नजरेखालून जातात. लाच ही इथे गैरप्रकार म्हणून येत नाही, चालू खर्च म्हणून येते. गूल्डला तिची शिसारी आहे, तरीही तो ती बिनचूक देतो.

रेल्वेबद्दल थोडक्यात सांगतो. सर जॉन नावाचे कंपनीचे अध्यक्ष लंडनहून येतात, रिबिएरा या राष्ट्राध्यक्ष-हुकूमशहाच्या हस्ते पहिली कुदळ मारली जाते, देशाच्या नावावर मोठे कर्ज उभे राहते, आणि सहा महिन्यांच्या आत देशाचा मान परदेशी लोकांना विकला अशी ओरड करत मोंतेरो नावाचा सेनापती बंड करतो. इथवरची साखळी इतकी स्वच्छ आहे की पुढची हाणामारी वाचताना मला तरी आश्चर्य वाटले नाही. मोंतेरोची माणसे चालून येतात तेव्हा खाणीची सहा महिन्यांची चांदी बंदरात पडून असते. ती शत्रूच्या हाती लागू नये म्हणून रात्री एका पडावात घालून बाहेर काढायची जोखीम हमालांच्या मुकादमावर, म्हणजे नोस्ट्रोमोवर येते. त्याच्या सोबतीला असतो मार्टिन देकूद, पॅरिसमध्ये राहिलेला, कशावरच विश्वास नसलेला पत्रकार. पश्चिम प्रांत कोस्टाग्वानातून फोडून वेगळे राष्ट्र करावे, ही कल्पना त्याचीच. चांदी उत्तरेला गेली पाहिजे, म्हणजे ती हॉलरॉइडच्या पाठबळाच्या रूपाने परत येईल, हा त्याचा हिशेब. एका राष्ट्राचा जन्म पतपुरवठ्याची तजवीज म्हणून इतक्या उघडपणे सांगणारी दुसरी कादंबरी माझ्या वाचनात नाही.

आता हा सगळा माल कॉनरॅडने आणला कुठून? दक्षिण अमेरिकेचा किनारा त्याने विशीच्या आत, फ्रेंच जहाजावर असताना, काही दिवस पाहिला होता. चांदीचा पडाव एकट्याने पळवणाऱ्या माणसाची गोष्ट त्याच प्रवासात कानावर पडली, असे तो १९१७ च्या प्रस्तावनेत सांगतो. बाकी सारे पुस्तकांतून. अभ्यासकांनी ती पुस्तके शोधून काढली आहेत. देकूद, फिदांझा ही नावे मास्टरमनच्या पॅराग्वेवरील १८६९ च्या पुस्तकातली. दुसरे पुस्तक एडवर्ड ईस्टविक याचे व्हेनेझुएलावरचे, १८६८ सालचे. डोंगरांच्या कुशीतले निश्चल आखात आणि त्याच्या काठचे बंदर यांची मूळ चित्रे त्यात आहेत.

ईस्टविक हे नाव वाचून मी थांबलो, कारण ते मला दुसरीकडून ठाऊक होते. हा मनुष्य मुंबई इलाख्याच्या पायदळात अधिकारी होता, काठेवाड आणि सिंधमध्ये त्याने नोकरी केली, सादीच्या 'गुलिस्तान'चे भाषांतर केले, लुत्फुल्लाचे आत्मचरित्र संपादून छापले, हेलीबरीच्या कॉलेजात हिंदुस्तानी शिकवली, आणि मरे या प्रकाशकासाठी मुंबई व मद्रास इलाख्यांची प्रवासी हस्तपुस्तके १८५९ मध्ये लिहिली. मुंबईत उतरणाऱ्या साहेबाने काय पाहावे हे सांगणारा माणूस पाच वर्षांनी व्हेनेझुएलात गेला तो १८६४ च्या कर्जाच्या कामासाठी, सावकारांचा प्रतिनिधी म्हणून. त्याच्या पुस्तकाच्या नावातच त्या कर्जाचा इतिहास आहे. देखावे, रीतिरिवाज, बायकांचे पोशाख, आणि मधूनमधून बंदरांच्या जकातीचे उत्पन्न. ज्या नजरेने हस्तपुस्तक लिहिले जाते, त्याच नजरेने तारणाची किंमतही ठरवली जाते. कॉनरॅडने या पुस्तकातून नुसती नावे आणि डोंगर उचलले असे म्हणणे पुरेसे नाही. किनाऱ्याकडे कर्ज देणाऱ्याच्या डोळ्याने कसे पाहतात, हे त्याने तिथून घेतले. (कॉनरॅड स्वतःही मुंबईला येऊन गेला होता. १८८४ मध्ये 'नार्सिसस' या जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून तो मुंबई बंदरातच चढला. 'एलियन' या १९७९ च्या चित्रपटातल्या मालवाहू यानाचे नाव नोस्ट्रोमो आणि त्याच्या सुटकेच्या होडीचे नाव नार्सिसस आहे. पुढच्या भागातले यान सुलाको. माझ्या पुतण्याने हे मला सांगितले आणि मी त्याला चहा पाजला.)

ही कादंबरी अमेरिकेच्या साम्राज्याचे भविष्य सांगते, असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. कॉनरॅड वर्तमानपत्र वाचत होता. डिसेंबर १९०२ मध्ये ब्रिटन, जर्मनी आणि इटली यांनी थकलेल्या देण्यांसाठी व्हेनेझुएलाच्या बंदरांची नाकेबंदी केली, त्याच सुमारास तो या कथेकडे वळला. लेखन अर्ध्यावर असताना, ३ नोव्हेंबर १९०३ ला, पनामा कोलंबियातून फुटला. कोलंबियाचे सैन्य आडवायला अमेरिकी युद्धनौका हजर होती, तीन दिवसांत अमेरिकेने मान्यता दिली आणि त्याच महिन्यात कालव्याचा करार झाला. कॉनरॅडने डिसेंबरात कनिंगहॅम ग्रॅहम या मित्राला पत्रात त्याबद्दल विचारले. याच मित्राच्या ओळखीने त्याला लंडनमधला कोलंबियन मुत्सद्दी सान्तियागो पेरेस त्रियाना भेटला. आवेयानोसमध्ये त्याची छाया आहे. कादंबरीत सुलाकोच्या नव्या झेंड्याला पहिली सलामी देते ती अमेरिकन युद्धनौका. यात भाकीत कुठे आहे? ताजी बातमी आहे, फक्त तिचा जमाखर्च आधीच लिहून तयार होता.

इतिहासाच्या बाबतीत कॉनरॅडने एक खोडी केली आहे, आणि ती नुसती गंमत म्हणून सोडून देता येत नाही. प्रस्तावनेत तो गंभीरपणे सांगतो, की कोस्टाग्वानाच्या इतिहासासाठी माझा मुख्य आधार डॉन होसे आवेयानोस यांचा 'पन्नास वर्षांच्या कुशासनाचा इतिहास' हा ग्रंथ. तो प्रसिद्ध झाला नाही आणि त्यातला मजकूर जगात फक्त मला ठाऊक आहे. ग्रंथ का प्रसिद्ध झाला नाही हे कादंबरीत कळते. दंगलीत छापखाना फोडला जातो. ग्रंथाचे छापलेले फर्मे बंदराच्या पाण्यावर तरंगतात, चौकात चिखलात तुडवले जातात, आणि बंदुकांत खिळे भरून, वर या कागदांचे बोळे ठासून बार काढले जातात. कुशासनाच्या इतिहासाचा याहून नेमका शेवट मला सुचत नाही. हाताने टिपणे काढून, पदरमोड करून स्थानिक इतिहास लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला ते पान एकदा वाचून पुढे जाता येत नाही. माझी अशीच दोन खोकी टिपणे एका संस्थेने 'छापू' म्हणून नेली आणि जागा बदलताना रद्दीत घातली. तिथे निदान दंगल नव्हती.

आवेयानोसचा ग्रंथ गेला; मग सुलाकोचा इतिहास कोण सांगतो? आगबोट कंपनीचा बंदर-अधीक्षक कॅप्टन मिचेल. हा भला, फुगलेला, काहीही न कळलेला माणूस बोटीतून उतरणाऱ्या बड्या पाहुण्यांना गाव दाखवत हिंडतो आणि हा पुतळा, तो वाडा, ही समाधी करत राष्ट्राच्या स्थापनेची कथा ऐकवतो. आणि वाचकालाही ती तिथेच पहिल्यांदा कळते. नोस्ट्रोमोची घोडदौड, सैन्याचे परत येणे, वेगळ्या राष्ट्राची घोषणा, युद्धनौकांचे आरमार: ज्यासाठी चारशे पाने वाट पाहिली ते सगळे आपल्याला जेवणानंतर कंटाळलेल्या पाहुण्याच्या कानाने ऐकावे लागते.

न उघडलेले खाते इथेच सापडते. चार्ल्स गूल्डला गोळी घालायला उभे केलेले असते. त्याला वाचवतात खाणीतले मजूर. डॉन पेपे या व्यवस्थापकाच्या मागे ते डोंगर उतरून गावावर चालून येतात आणि मोंतेरोच्या माणसांना पळवून लावतात. या प्रांताच्या इतिहासात मजुरांनी मालकाच्या बाजूने केलेली ही एकमेव कृती, आणि तिच्यावाचून नवे राष्ट्र झालेच नसते. ती कादंबरीत घडत नाही. ती मिचेलच्या तोंडी काही ओळींत येऊन जाते. ते का आले, येताना काय बोलले, किती परत गेले, यातले काही नाही. याच लोकांच्या आज्यापणज्यांनी एके काळी इंग्रज साहेबांना मारले होते. मधल्या काळात काय बदलले?

काय बदलले याची सामग्री कॉनरॅडने दिलेली आहे, फक्त विखुरलेली. मजुरांच्या तीन वस्त्या आहेत, त्यांना नावे नाहीत, आकडे आहेत: एक, दोन, तीन. सणाच्या दिवशी मजूर हिरव्या पट्ट्याचे पांढरे अंगवस्त्र आणि हिरव्या दोरीची पांढरी टोपी घालून गावात येतात. हा चांगल्या प्रतीचा माल खाणीच्या कोठारात अगदी स्वस्तात मिळतो. आणि हे रंग अंगावर असले, की गावचे पोलीस उद्धटपणाच्या नावाखाली बदडत नाहीत, रस्त्यात फासा टाकून लष्करात भरती करणाऱ्या टोळ्याही सहसा वाटेला जात नाहीत. खाणीचे कपडे म्हणजे संरक्षण. मजुरीचा दर कादंबरीत कुठे दिलेला नाही, मी तीनदा शोधला. पण मजुरीपेक्षा मोठी गोष्ट दिली आहे: राज्य जे देऊ शकत नाही ते खाण देते, आणि ते टोपीच्या दोरीत बांधून देते. मजूर गूल्डला वाचवायला आले असतील तर ते या टोपीसाठी आले. नव्या राष्ट्राचा झेंडाही पांढराच आहे, मधोमध हिरव्या पानांचे कडे आणि एक पिवळे फूल. कॉनरॅड या दोन रंगांची जुळणी कुठे बोलून दाखवत नाही. गूल्डच्या कोठारातला कापडाचा रंग राष्ट्रध्वजावर गेला, हे त्याने वाचकावर सोडले आहे.

मग खाते न उघडणे ही कॉनरॅडची आंधळी जागा, की हेतू? या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात मी 'आंधळी जागा' असे ठासून लिहिले होते. एडवर्ड सैद यांनी १९९३ च्या 'कल्चर अँड इम्पीरिअ‍ॅलिझम'मध्ये म्हटले आहे, की कॉनरॅड साम्राज्याचा टीकाकारही आहे आणि साम्राज्यवादीही; बाहेरच्या सत्तेवाचून या लोकांचा स्वतःचा काही इतिहास असू शकेल, हे त्याला दिसत नाही. कोलंबियाचे कादंबरीकार हुआन गाब्रिएल वास्केस यांनी तर २००७ मध्ये 'कोस्टाग्वानाचा गुप्त इतिहास' ही कादंबरीच लिहिली. तिचा निवेदक होसे आल्तामिरानो हा कोलंबियन माणूस. लंडनमध्ये त्याने कॉनरॅडला आपली हकिगत सांगितली, आणि 'नोस्ट्रोमो' छापून आल्यावर पाहतो तर तिच्यात त्याचा देश बदललेला आणि तो स्वतः कुठेच नाही. तक्रार मनोरंजक आहे आणि रास्तही आहे. पण आल्तामिरानोदेखील लिहिता-वाचता, लंडनला पोचू शकणारा माणूस आहे. दोन नंबरच्या वस्तीतला मजूर त्याच्याही पुस्तकात आपली कैफियत मांडायला येत नाही.

खर्डा मी बदलला तो एका वाक्यामुळे. डॉन पेपे आपल्या मजुरांना एकेकटा ओळखतो. एमिलिया गूल्डला मात्र ते सपाट, आनंद नसलेले चेहरे सगळे सारखेच दिसतात. हे 'सारखे दिसणे' कॉनरॅडने एमिलियाच्या नावावर टाकले आहे, आणि एमिलिया ही त्याची सर्वात लाडकी व्यक्तिरेखा. सगळ्यांत दयाळू बाईला जे दिसत नाही ते दाखवायला लेखकाला आधी ते स्वतःला दिसावे लागते. तसेच मिचेलचे. मजुरांच्या कृत्याचे श्रेय एका बडबड्या वाटाड्याच्या हाती देणारा लेखक इतिहास कसा हरवतो हे जाणून आहे. इतके मी मान्य करतो. पण डॉन पेपेला जे चेहरे वेगवेगळे दिसतात त्यांतला एकही आपल्याला जवळून दाखवला जात नाही, हेही खरे. खाते कुठे असायला हवे ती जागा कॉनरॅडने वहीत कोरी सोडली. भरली नाही. हिशेबात कोरी जागा सोडणे आणि पान फाडणे यांत फरक असतो, पण ज्याची बाकी येणे आहे त्याला त्या फरकाचा उपयोग नसतो.

नंतरच्या सुलाकोचे वर्णन त्याने ओझरते केले आहे. रस्त्यांवर ट्राम, खेड्यांत धनिकांचे बंगले, बंदराला धक्का, वखारी, आणि संघटित कामगारांचे खरेखुरे तंटे. पूर्वी हमाल संप करत ते बैलांच्या झुंजीच्या दिवशी, म्हणजे नेमाने. मुकादम पहाटे घोड्यावरून त्यांच्या झोपड्यांची दारे ठोठावत फिरायचा. आता संप मजुरीसाठी होतात. डॉ. मोनिगॅम हा लंगडा, छळ सोसलेला माणूस एमिलियाला सांगतो, की भौतिक हितसंबंधांना स्वतःचा कायदा असतो, त्यात शांतता नसते, आणि एक दिवस ही खाण लोकांच्या मानेवर जुन्या जुलुमाइतकीच जड होईल. खाण उघडली तेव्हा तिथल्या दरीत एक धबधबा होता, भोवती नेच्यांचे रान. पाणी खनिज कुटणाऱ्या यंत्रांकडे वळवल्यावर धबधबा आटला. एमिलियाने त्याचे जलरंगात चित्र काढून ठेवले होते, ते घरात भिंतीवर आहे. मालमत्तेच्या यादीत ते कुठल्या सदराखाली घालायचे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

राहिली पडावातली चांदी. पडाव बुडाला असे सगळ्या सुलाकोने धरले आणि ती रक्कम बुडीत खाती गेली. प्रत्यक्षात ती बेटावर पुरलेली होती. देकूदने एकांताला कंटाळून जीव दिला, खिशात चार विटांचे वजन घालून. त्या चार विटांमुळेच नोस्ट्रोमोला उरलेली चांदी परत करता येईना: चार कुठे गेल्या, याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. चोख मुकादम म्हणून असलेली त्याची पत एवढी मोठी, की चार विटांची तूट तिला पेलवली नाही आणि तो सगळ्याच चांदीचा चोर झाला. हळूहळू श्रीमंत व्हायचे त्याने ठरवले. रात्री बेटावर जाऊन एकेक वीट आणायची, असे वर्षानुवर्षे चालले. आमच्या भाषेत हे उचंत खाते: रक्कम आहे, पण कुणाच्या नावावर टाकायची ते ठरत नाही.

मरताना तो एमिलियाला जागा सांगू पाहतो. ती म्हणते नको, त्या चांदीची आता कुणाला आठवण नाही, ती कायमची हरवलेलीच राहू दे. बाहेर आल्यावर डॉक्टर विचारतो, तेव्हा त्याने काही सांगितले नाही असे ती सांगते. त्याच खोलीत, बिछान्याशेजारी, गावातला एक फिकट, भांडवलदारांचा कडवा द्वेष्टा छायाचित्रकार बसून असतो. श्रीमंतांशी त्यांच्याच हत्याराने लढावे लागते, तेव्हा तुझा पैसा कामगारांच्या कार्याला दे, असे तो मरणाऱ्याला विनवतो. नोस्ट्रोमो डोळे उघडून त्याच्याकडे पाहतो आणि काहीच बोलत नाही. ती चांदी एक, दोन आणि तीन नंबरच्या वस्त्यांनी सहा महिने डोंगरातून काढलेली होती. बेटावर जे काही उरले, ते अजून तिथेच आहे.